किल्लीच्या शिक्क्याचा रोट

सफ्रू गावच्या जुन्या वस्तीत, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी बा अल्लालची भट्टी होती. त्याच्या बापाने चालवलेली, त्याआधी बापाच्या मामाने. वस्तीतल्या बायका सकाळी घरी पीठ मळत, गोल जाड रोट थापत, लाकडी फळीवर मांडून वर फडके घालत आणि भट्टीवर पाठवून देत. पीठ त्यांचे, आग त्याची. महिन्याचे ठरलेले काही दिरहम आणि रोज फळीमागे एक छोटा रोट, ही त्याची मजुरी.

भाजणे कुणालाही येईल. बा अल्लालचे कसब ओळखण्यात होते. प्रत्येक घराची रोटावर आपली खूण असे. कुणी काट्याने चार टोचे मारी, कुणी कडेला चिमटे काढी, कुणी चहाच्या पेल्याच्या काठाने चंद्रकोर उठवी. ऐंशी घरांचे रोट भट्टीत असत तेव्हाही एकाचा रोट दुसऱ्याच्या फळीवर गेल्याचे कुणाला आठवत नाही. शिवाय आत प्रत्येक घराची जागा ठरलेली. वरच्या गल्लीतली घरे उजवीकडे, नदीकाठची तोंडाजवळ, रंगाऱ्यांची डावीकडे. बाहेर जशी वस्ती, तशीच आत विटांवर.

पुढे घरोघरी गॅसच्या टाक्या आल्या, पत्र्याच्या पेट्यांत रोट भाजले जाऊ लागले. बरीच घरे उठून फेझ शहरात गेली. ऐंशीच्या अकरा फळ्या झाल्या. लांब दांड्याचे फावडे आत सरकवताना बा अल्लालच्या डोळ्यांसमोर मोकळ्या विटा यायला हव्या होत्या, पण त्याला घरे दिसत. ही शिंप्याची जागा, शिंपी गेला. ही दोघी बहिणींची, दोघीही गेल्या. आणि डावीकडे अगदी मागे, जिथे आच सर्वांत मऊ, ती लल्ला तामोची. तिथे त्याने एकोणीस वर्षांत एकही रोट ठेवला नव्हता. कुणी मनाई केली नव्हती. फावडे तिकडे वळत नसे, एवढेच.

अडचण अशी की भट्टी कमी गिऱ्हाइकांत कमी जळत नाही. सुतारांकडून देवदाराचा भुसा आणि ढलप्या आणायच्या, त्या अकरा फळ्यांना लागतात तेवढ्याच ऐंशींना. आणि विझू देण्याची सोय नाही. भट्टीचा जुना घुमट पूर्ण गार झाला की तडकतो. तडकलेला घुमट बांधणारा शेवटचा गवंडी बा अल्लालच्या लहानपणीच वारला होता. म्हणजे भट्टी एकदा विझली की संपली.

"उस्ताद," त्याची बायको रकिया म्हणाली. लाडात असली किंवा चिडली असली की ती त्याला गिऱ्हाइकांसारखी हाक मारी. "हा हिवाळा निघेल का आपला?"

"निघेल."

"कसा निघेल ते सांगा. ऐंशी घरं होती तेव्हा दोन गेली तर कळायचं नाही. आता एका घरी लग्न होऊन सून गॅस घेऊन आली की मी उरलेल्या फळ्या मोजायला लागते."

"मग काय करू? सुनांना गावात येऊ देऊ नको?"

"आग तर सतरा तास पेटलेली असते, रोट भाजतात तीन तास. बाकीचे चौदा तास ती कुणासाठी जळते?"

तो प्रश्न त्याच्या मनात राहिला. जोडधंद्याची सुरुवात तिथून झाली.

पहिल्यांदा त्याने मासळी घेतली. बाजारातले दुकानदार दुपारी सार्डिनच्या परातीच्या पराती पाठवू लागले. आठवडाभर बरी कमाई झाली. नवव्या दिवशी विणकराची विधवा हनिया आपला रोट हातात घेऊन आली.

"बा अल्लाल, हा हुंगा."

त्याने हुंगला.

"माझा नातू विचारतो, आजी, याच्यात काटे आहेत का?"

मागची मंडळी हसली. बा अल्लालही हसला. पण त्या आठवड्यात तीन फळ्या बंद झाल्या आणि त्याने मासळी त्याच दिवशी थांबवली. नंतर त्याने शेंगदाणे आणि सूर्यफुलाच्या बिया भाजायला घेतल्या. त्यांचा वास रोटांना लागत नव्हता, उलट गल्लीत खमंग दरवळ सुटे. ईदच्या आणि लग्नांच्या दिवसांत बदामाच्या मिठाईचे पत्रे येऊ लागले. गेलेल्या तीन फळ्या परत आल्या. भुशाचा खर्च निघू लागला, पण त्यावर काही उरत नव्हते.

मग बस-अड्ड्यावरचा दुकानदार सी अयाद स्वतः चालत भट्टीवर आला.

"कारखान्याचा पाव दुपारपर्यंत चामडं होतो," तो म्हणाला. "प्रवाशांना भट्टीचा रोट पाहिजे. रोज साठ द्या. खपले तर आणखी."

"मी दुसऱ्यांचे भाजतो, सी अयाद. स्वतःचे कधी केले नाहीत."

"मग आता करा की, उस्ताद. का आजवर दुसऱ्यांचं भाजून खाल्लं म्हणून लाज वाटते?"

रकियाने हनियाला मजुरीवर धरले. दोघींनी पहाटे पीठ मळले आणि साठ रोट फळ्यांवर मांडले. पांढरे, गोल, कोरे. बा अल्लाल त्यांच्याकडे बघत उभा राहिला. त्यांवर खूण नव्हती.

खूण हवीच होती. नाहीतर अकरा घरांच्या रोटांत ते मिसळले असते. शिवाय कोरा रोट भट्टीत घालायचा नाही, हे बापाने शिकवले होते. त्याला जायला घर नसते. पण बा अल्लालच्या घराला खूणच नव्हती. भट्टीवाल्याच्या घरी रोट थापले जात नाहीत. तीन पिढ्या त्याचे घर लोकांनी ठेवलेल्या छोट्या रोटांवर, लोकांच्या खुणांवर जगले होते. चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या खुणा ओळखणाऱ्या माणसाला स्वतःची एक सुचेना.

"मारा काहीतरी," रकिया म्हणाली. "पीठ फुगतंय."

भट्टीच्या तोंडावर एक कोनाडा होता. त्यात फडक्यात गुंडाळलेली एक जुनी लोखंडी किल्ली होती, वीतभर लांब, डोक्याशी तीन पाकळ्यांचे कडे असलेली. बा अल्लालचा हात तिकडे गेला.

ती किल्ली लल्ला तामोची. लल्ला तामो ही एका रंगाऱ्याची विधवा; लल्ला ही बायकांना मारायची आदराची हाक. तिचा एकुलता एक मुलगा बूश्ता विसाव्या वर्षी देवदाराचे ओंडके वाहणाऱ्या लॉरीवर बसून दक्षिणेकडे गेला. ईदला पैसे घेऊन येतो म्हणाला होता. लल्ला तामो रोज चार रोट पाठवी, एक स्वतःचा, बाकीचे शेजारी वाटायला, आणि पाचवा एक छोटा. पाचांवरही घराच्या किल्लीच्या डोक्याचा ठसा.

"छोटा कुणाचा, लल्ला?" त्याने एकदा विचारले होते.

"बूश्ताचा. आज आला तर."

संध्याकाळी तो छोटा रोट दारी मागायला येणाऱ्याला मिळे. शेवटच्या हिवाळ्यात ती खोकत स्वतः भट्टीवर आली आणि किल्ली त्याच्या हातात ठेवली. "कुणाकडे ठेवू? शेजारी बदलतात. भट्टी जागची हलत नाही. तो आला की भुकेला असणार, आधी इथेच येईल." बा अल्लालने किल्ली घेतलेला हात छातीवर ठेवला आणि ही अमानत आहे, विश्वासाने सोपवलेली ठेव आहे, असे सांगितले. पंधरा दिवसांनी ती वारली. घराला वस्तीने त्याच किल्लीने कुलूप घातले. बूश्ता आला नाही.

आता त्याने फडके सोडले आणि पहिल्या रोटावर किल्लीचे डोके दाबले. तीन पाकळ्या स्वच्छ उठल्या. लोखंड कोमट लागले. आगीजवळ असते म्हणून, असे त्याने स्वतःला सांगितले आणि उरलेले एकोणसाठ शिक्के मारून टाकले.

हनिया बघत होती. "बा अल्लाल, ही कुणाची खूण?"

"दुकानाची."

"लल्ला तामोची आहे."

"बाई गेली. खूण मोकळी झाली."

"खूण मोकळी होते?" ती म्हणाली. मग बिस्मिल्ला म्हणून तिने पुन्हा पिठात हात घातले आणि त्या दिवशी फळ्यांकडे पाहिले नाही.

साठ रोट ठेवायला जागा लागली. ते शिंप्याच्या जागेवर बसले, दोघी बहिणींच्या जागेवर बसले, आणि डावीकडे मागेही गेले. भट्टी पुन्हा भरली. बा अल्लालला वाटायला हवा होता आनंद. त्याला वाटले, मेलेल्यांच्या अंथरुणांत परकी माणसे झोपवली आहेत.

रोट खपले. साठाचे शंभर झाले, शंभराचे दीडशे. प्रवासी बसच्या खिडकीतून हात काढून किल्लीचा रोट मागतात, असे सी अयाद सांगे. रकियाने नवा कोट घेतला. भुशाचे ढीग भिंतीला टेकले आणि हिवाळ्याची काळजी मिटली.

फक्त डावीकडे मागचे रोट करपू लागले. तिथली आच सर्वांत मऊ, तिथे रोट कधी करपला नव्हता. त्याने विटा तपासल्या, राख उपसली, निखारे उजवीकडे ओढले. काही सापडले नाही. रोज पाच-सहा रोट काळे निघत, नेमके तिथले, आणि त्यांवरच्या तीन पाकळ्या तेवढ्या पांढऱ्या राहत.

एका सकाळी चांभाराची म्हातारी आई काठी टेकत आली. तिला माणसे आठवत नसत. लेकालाही ती कधी भाऊ म्हणे. तिने टोपलीतला एक रोट उचलला आणि अंगठा शिक्क्यावरून फिरवला.

"तामोने रोट पाठवला," ती म्हणाली. "खोकला थांबला वाटतं तिचा."

तिने रोट नाकाशी नेला.

"इतके दिवस पाठवत नव्हती. मी म्हटलं रुसली." मग तिने बा अल्लालकडे पाहिले. "तिला सांग, मी येते म्हणावं संध्याकाळी. पोरगा आला का तिचा?"

"नाही अजून, आजी," बा अल्लाल म्हणाला. आणि मग त्याच्या लक्षात आले की आपण 'अजून' म्हणालो.

पाणवठ्यावर बायका बोलू लागल्या. बंद घरातून पीठ चाळल्याचा आवाज येतो, असे एकीने सांगितले. दुसरीला ओल्या खमिराचा, आंबत ठेवलेल्या पिठाचा वास आला. दुपारच्या डुलकीत लल्ला तामो भट्टीच्या तोंडाशी येऊन उभी राही आणि बा अल्लालला विचारी, "झाला का भाजून? तो निघालाय." आवाज रागाचा नसे. ती रागावली असती तर बरे झाले असते, असे त्याला जागे झाल्यावर वाटे.

"किल्ली ठेवून दे," तो एकदा रकियाला म्हणाला, जणू किल्ली तिच्याच हातात होती. "दुसरी खूण शोधू."

"आणि अयादला काय सांगू? माणसं शिक्का बघून घेतात. दीडशे रोट, उस्ताद. शेंगदाण्यावर भट्टी राहणार आहे का? तुम्हीच सांगा, विझवू?"

 दुसऱ्या दिवशी त्याने दीडशे शिक्के मारले.

पुढच्या गुरुवारी, तिसऱ्या प्रहराची असरची नमाज नुकतीच झाली होती, शेंगदाणे परातीत होते. रंगाऱ्यांच्या गल्लीतून दार ठोठावण्याचा आवाज आला. हाताच्या आकाराची लोखंडी कडी, तिची बिजागरी गंजलेली, म्हणून प्रत्येक ठोका दोनदा वाजे. एक जड, एक हलका. त्या वस्तीत असे वाजणारे दार एकच होते.

हनियाच्या हातातली चाळण खाली पडली.

"वारा असेल," रकिया म्हणाली.

"वारा मधे थांबून ऐकत नाही," हनिया म्हणाली.

ठोके थांबले होते. मग पुन्हा सुरू झाले. बा अल्लालने कोनाड्यातली किल्ली घेतली. तिच्या पाकळ्यांत पीठ वाळून घट्ट बसले होते. त्याने नखाने खरवडले, कोटावर घासले. ते निघेना. तो तशीच घेऊन चढ चढू लागला.

दारासमोर एक माणूस उभा होता. चाळिशीचा, पांढऱ्या मिशांचा, अंगात लॉरीवाल्यांचे कातडी जाकीट. एका हाताने तो कडी वाजवत होता, दुसऱ्या हातात अर्धा रोट होता.

"आई, मी आहे. उघड." मग पावले ऐकून तो वळला. "बा अल्लाल ना तुम्ही? म्हातारे झालात. हिला हल्ली ऐकू येत नाही का?"

"बूश्ता," बा अल्लाल म्हणाला.

"का बाजारात गेलीय? मी थांबतो. गाडी अड्ड्यावर लावलीय."

"बूश्ता, बाळ, ती नाही. ती जाऊन एकोणीस वर्षं झाली."

बूश्ताने रोट पुढे केला. त्याला समजावून सांगावे तसा तो म्हणाला, "हा आजचा आहे. हात लावून बघा. मऊ आहे."

बा अल्लालने हात लावला नाही.

"मी या रस्त्याने महिन्यातून दोनदा जातो," बूश्ता म्हणाला. "ओंडके घेऊन फेझला. इतकी वर्षं. अड्ड्यावर गाडी थांबते, मी उतरत नाही. आधी पैसे नव्हते म्हणून. मग उशीर झाला म्हणून. नंतर असं वाटायला लागलं की उतरलो तर कुणीतरी भेटेल आणि सांगेल. उतरलो नाही तर ती घरात आहे, पीठ मळतेय. परवा क्लीनरने चहाबरोबर असाच एक रोट आणून दिला. दोन दिवस हिंमत गोळा केली. आज हा ताजा घेतला आणि म्हटलं, आहे ना ती, मग भ्यायचं कशाला?"

त्याची नजर किल्लीवर गेली. पाकळ्यांत अडकलेले पीठ त्याने पाहिले, मग हातातला शिक्का पाहिला.

"तुम्ही मारता."

"मी मारतो. दुकानाच्या रोटांवर. भट्टी विझायला आली होती." त्याला आणखी सांगायचे होते, भुशाचे, घुमटाचे, अकरा फळ्यांचे. ती सगळी कारणे खरी होती, आणि तिथे दारासमोर त्यांतले एकही तोंडातून बाहेर येईना. "अमानत होती. मी ती वापरली."

बूश्ताने अर्धा रोट जाकिटाच्या खिशात ठेवला. मग त्याने बा अल्लालच्या हातातून किल्ली घेतली आणि दार उघडले. अंगणात मोरीतून अंजिराचे झाड वर आले होते. पीठ मळायची लाकडी परात फळीवर उपडी होती, तिच्यावर धुळीचा थर. चाळण खुंटीला. कुणी काही चाळत नव्हते. बूश्ता उंबऱ्यावर बसला.

"माझ्यासाठी छोटा काढायची," तो म्हणाला. "शेवटपर्यंत?"

"शेवटच्या सकाळपर्यंत."

"आणि मी अड्ड्यावर गाडीत बसून चहा प्यायचो."

अंगणातले ऊन भिंतीवर चढले. बा अल्लाल म्हणाला, "उद्यापासून शिक्का बंद."

"नको," बूश्ता म्हणाला. "बंद केलात तर ती पुन्हा जाईल. मला कळलंय आता, मी वेडा नाही. तरी अड्ड्यावरून जाताना टोपलीत ती खूण दिसली तर मला चालेल." त्याने दाराला कुलूप लावले आणि किल्ली परत बा अल्लालच्या हातात ठेवली. "कुणाकडे ठेवू? मी तर रस्त्यावर. भट्टी जागची हलत नाही."

हे शब्द त्याला कुणी सांगितले होते? कुणीच नाही. बा अल्लालच्या हाताला किल्ली त्या वेळी एकदम गार लागली.

दुसऱ्या पहाटे दीडशे रोट कोरे मांडले होते. रकियाला सगळे कळले होते. "परवानगी मिळाली की," ती हळू म्हणाली. "मारा."

बा अल्लालने किल्ली उचलली, खाली ठेवली, आणि पहिल्या रोटाच्या मधोमध स्वतःचा अंगठा दाबला. चाळीस वर्षे फावडे धरून वाकडा झालेला अंगठा. मग दुसऱ्यावर, तिसऱ्यावर.  एकोणिसाव्या रोटानंतर रकिया दुसऱ्या टोकाकडून सुरू झाली, पण त्याने तिचा हात धरला. "तुझा अंगठा सरळ आहे. घराची खूण एकच पाहिजे."

सी अयादने टोपली उघडून तोंड वाकडे केले. "हा कुठला रोट?"

"माझा."

"लोक किल्लीचा मागतात, उस्ताद. मी त्यांना काय तुमचा अंगठा दाखवू?"

"दाखव."

त्याने त्या दिवशी ऐंशी घेतले, पुढच्या आठवड्यात साठ, आणि साठावर ते थांबले. साठ रोट, अकरा फळ्या, शेंगदाणे, सणासुदीचे मिठाईचे पत्रे. रकियाने सगळ्याचा मेळ घातला आणि म्हणाली की कोट जुना झाला तरी आग विझणार नाही. तेवढे पुरे होते.

किल्ली कोनाड्यात परत गेली नाही. ती पिठाच्या फळीजवळ खिळ्याला टांगलेली असते. रोज शेवटी उरलेल्या पिठाचा एक छोटा रोट बा अल्लाल स्वतः थापतो, त्यावर तीन पाकळ्या उठवतो आणि डावीकडे मागे एकटाच ठेवतो. तो करपत नाही. इतर टोपलीत जातात, हा वर फडक्यात. सी अयाद तो विकत नाही. लॉरीवाला आला तर देतो, नाही आला तर संध्याकाळी अड्ड्यावर हात पसरणाऱ्याला मिळतो. एकदा सी अयादने निरोप पाठवला की ड्रायव्हरने रोट घेतला, खाल्ला नाही, काचेसमोर ठेवला आणि गाडी काढली.

"तो महिन्यातून दोनदा येतो," हनिया एका पहाटे म्हणाली. "तुम्ही रोजचा कशाला थापता?"

बा अल्लालने फावडे आत सरकवले, मागच्या मऊ आचेपर्यंत.

"आज आला तर," तो म्हणाला.